दुःख इंग्रजीत कसे कळवावे

गल्लीच्या ग्रुपवर मयताची बातमी पडली की ती पूर्ण वाचू नये. हार घातलेला फोटो दिसला, बास. कोण गेलं हे बघत बसलात तर तेवढ्यात दुसरा कुणीतरी आरआयपी टाकून मोकळा होतो.

तीन अक्षरं पुरेत. लॅटिनमधून आलेली, ख्रिस्ती थडग्यांवर कोरली जाणारी ही प्रार्थना. आपला माणूस पंचगंगा नदीकाठी शेणींच्या चितेवर जाणार. पण असल्या तपशिलात आपण शिरायचं नाही.

पूर्ण 'रेस्ट इन पीस' लिहायची हौस असेल तर शर्टपीसमधला 'पीस' लिहावा.

'हार्टिली कन्डोलन्सेस' बिनधास्त ठोका. शब्द 'हार्टफेल्ट' आहे, पण फोन 'हार्टिली' सुचवतो. हा शब्द पोटभर जेवताना नाहीतर खदखदून हसताना लागतो. चालतंय की.

आजी गेली तरी 'हिज सोल'च. कालचा मेसेज कॉपी केल्यावर दुसरं काय होणार?

इमोजीचा चेहरा निवडताना दोन्ही डोळ्यांतून पाणी उडवणारा घ्यावा. तो हसून हसून रडतोय, हे चष्मा लावल्याशिवाय कुणाला कळत नाही.

'आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस' हे साधं, बरोबर वाक्य, घरच्या माणसाला नाव घेऊन वेगळं पाठवता येतं. म्हणूनच पाठवू नये. ग्रुपवर कुणाला दिसणार?

मग रांग लागते. घरच्यांनी बातमीखालीच लिहिलेलं असतं, अंत्ययात्रा किती वाजता, रक्षाविसर्जन कधी. त्यावर चाळीस आरआयपी, तेवढेच जोडलेले हात, मधेच एका बहाद्दराचं गुड मॉर्निंगचं फूल. वेळ गेली वर, कुठच्या कुठं. आणि सगळ्यात आधी आरआयपी टाकणाराच तासाभरानं विचारतो, "भावा, किती वाजता नेणार?" कुणाला विचारतोस? ज्याचा बाप गेलाय त्याला? त्यानं डॉक्टरचा दाखला बघायचा, स्मशानात नोंद करायची, शववाहिका बोलवायची, पुण्याहून निघालेल्या बहिणीची वाट बघायची, का तुला उत्तर द्यायचं?

अरे, भिंतीपलीकडचा माणूस गेलाय. चप्पल घाला आणि जावा. त्या घरात आज चूल पेटायची नाही, पिठलं-भाकरी घेऊन जावा. "वाईट झालं" एवढंही तोंडातून निघत नसेल तर गप शेजारी बसा. आणि वेळ विचारायचीच झाली तर चुलतभावाला विचारा, पोराला नाही.