महिनाभर रात्री नऊनंतर मला फोन करू नका

आधीच सांगून ठेवते, नंतर रुसवेफुगवे नकोत. एक तारखेपासून रोज रात्री नऊला टीव्हीवर जुना मराठी सिनेमा आहे. रोज! महिनाभर! सकाळी झाडांना पाणी घालून आत आले तर त्याचीच झलक चालू होती. पाच-सात सेकंदच असेल. शांता आपटे मान वर करून समोरच्याकडे बघतेय, आणि खाली पट्टी: 'कुंकू', अमुक तारीख. मी झारी हातात घेऊन तशीच उभी. पाणी फरशीवर.

लगेच पडद्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आईने जोडलेले हात पाठवले (ती सगळ्यालाच तेच पाठवते). मग भाच्याचं उत्तर आलं, "मावशी, हे सगळं यूट्यूबवर आहे गं. टीव्हीवर यायची वाट कोण बघतं आता?" आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे.

तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं. ग्रुपवर शोभलं नसतं. म्हणून इथे.

'कुंकू' मी पाहिलाय, पण शेवटची दहा-पंधरा मिनिटं सोडून. चौथीत होते. दूरदर्शनचा आठवड्याचा एकुलता एक मराठी सिनेमा, बाहेरच्या खोलीत शेजारपाजारची धरून वीसेक माणसं, मी बाबांच्या मांडीला टेकून. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली पोरगी त्या नवऱ्याला नवरा मानायलाच तयार नाही, एवढं मला कळत होतं आणि मी पूर्ण तिच्या बाजूची होते. आणि ऐन रंगात आलेलं असताना लाइट गेली. थोडा वेळ सगळे "येईल, येईल" म्हणत बसले. मग एकेक जण अंधारात चपला चाचपत उठून गेला. मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "रडतेस कशाला? मला माहितीये पुढचं. ऐक." आणि त्या अंधारात त्यांनी मला शेवट सांगितला. आवाज काढून. म्हाताऱ्याचा घोगरा, तिचा बारीक.

तो शेवट मला अजून तोंडपाठ आहे. त्यावर येते पुन्हा.

आधी ते "सगळं यूट्यूबवर आहे". सगळं? बोलपटाची सुरुवात आपल्याकडे ज्याने झाली तो १९३१ चा 'आलम आरा' दाखव मला. नाही मिळणार. जगात कुठेच त्याची एक प्रत उरलेली नाही. नायट्रेटच्या फिल्मवर निघायचे तेव्हाचे सिनेमे, म्हणजे जवळजवळ स्फोटकच ते. पुण्यात २००३ साली आग लागली आणि राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या ताब्यातली किती नायट्रेट रिळं गेली, त्यात 'कुंकू' काढणाऱ्या आपल्या प्रभात फिल्म कंपनीचीही होती. ज्या जागेत प्रभातचे सिनेमे जन्मले त्याच आवारात जळाले. आणि आम्ही म्हणायचं, सगळं आहे, कधीही बघू! जे वाचलंय ते कुणीतरी जपलं म्हणून वाचलंय. सर्च केलं की येतं म्हणून नाही, राजा.

बरं, 'कुंकू' यूट्यूबवर आहे, मान्य. फुकट आहे, हेही मान्य.

पण माझ्या फोनमध्ये 'नंतर पाहू'च्या यादीत तो किती वर्षं पडून आहे विचारा. आठ! आठ वर्षांत मला दोन तास मिळाले नाहीत? मिळाले की. त्यात मी लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ बघितले. कधीही बघता येणारी गोष्ट कधीच बघितली जात नाही. आणि बघितली तरी कशी? एक प्रसंग जरा संथ झाला की अंगठा निघालाच दहा सेकंद पुढे. 'संत तुकाराम'मध्ये जिजाई एका हाताने आजारी पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते ना, त्यात ते तिचं तणतणत जाणंच सगळं आहे. तिथे दहा सेकंद उडवलेत तर राहिलं काय? नऊला म्हणजे नऊला लागणार, तुम्ही पाणी प्यायला उठलात तर तेवढा गेला. हा धाक पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, बाई टीव्हीवाल्यांची वकिली करतायत. छे. त्यांच्यावर तर माझा जास्त राग आहे. गेल्या वर्षी एका वाहिनीने 'संत तुकाराम' लावला होता. १९३६ चा सिनेमा, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ज्याची वाखाणणी झाली तो. आणि दाखवला कसा? ताणून! तेव्हाची चौकट जवळजवळ चौकोनी असायची, आताचा टीव्ही लांबोडका. कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या तर प्रेक्षक म्हणे तक्रार करतात. म्हणून चित्रच आडवं ओढून बसवलं. सगळी माणसं एक-तृतीयांश जाड. विष्णुपंत पागनिसांचा तो शांत, कृश तुकोबा तालमीतून आल्यासारखा दिसत होता. अहो, काळ्या पट्ट्या राहू द्या! पट्टी बघून कुणी मेलेलं नाही.

आणि जाहिराती. 'कुंकू'मध्ये दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, हे किती जणांना माहितीये? १९३७ साली! घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे. म्हणजे त्या सिनेमात शांतता हीच मुख्य वाद्य आहे. आणि त्या शांततेत धाडकन कपडे धुवायची पावडर नाचत येणार, तीही दुप्पट आवाजात. त्या वेळी मी टीव्हीला काय फेकून मारेन सांगता येत नाही.

रंग भरून दाखवू नका, एवढंही सांगून ठेवते. 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये रंगवला तेव्हाही मला तो आवडला नव्हता. (त्याचे दिग्दर्शक आसिफ, त्यांना स्वतःलाच तो अख्खा रंगीत हवा होता म्हणतात. असेल. त्यांचा त्यांना.)

आणि हो, जुनं ते सगळं सोनं असंही नाही. या महिन्यातले निदान आठ-दहा सिनेमे पेंगुळवणारे असणार, काहींमध्ये बायकांनी नुसतं डोळ्याला पदर लावायचा. तेही बघेन. बसलेय तर बसलेय.

हं. राग जरा उतरला. बाबांचं सांगते.

बाबांच्या शेवटात म्हातारा स्वतः तिला स्टेशनवर सोडायला जातो. ती शिकायला निघालेली असते, पुढे शाळेत बाई होते. तो गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभा, टोपी हातात घेऊन. तिच्या डब्याची खिडकी लांब गेली की मग टोपी घालतो आणि घरी जातो. संपलं. मी डोळे पुसून झोपले.

कॉलेजात एकदा मी हे तावातावाने सांगत होते, तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, असं काहीच नाहीये त्यात." माझा विश्वास बसेना. घरी येऊन बाबांना विचारलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "हो का? मग मी विसरलो असेन." हा माणूस ज्याला दहा वर्षांपूर्वीचं विजेचं बिल आकड्यासकट आठवायचं.

खरा शेवट काय आहे ते नंतर कुठेतरी वाचलं. इथे सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी बघा. चौथीतल्या मुलीला अंधारात सांगण्यासारखा नाही, एवढंच. ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला तिचं नावच 'न पटणारी गोष्ट', ना. ह. आपट्यांची. बाबांनाही नसेल पटली.

ते जाऊन नऊ वर्षं झाली. 'नंतर पाहू'मध्ये तो आठ वर्षं का पडून आहे, हे भाच्याला ग्रुपवर काय सांगणार होते मी?

हे लिहिता लिहिता आईचा फोन आला. ती त्या रात्री येतेय. खऱ्या शेवटाचं तिला तेव्हाही माहीत होतं, गेल्याच महिन्यात बोलता बोलता कळलं. अंधारात शेजारीच बसली होती, एका शब्दाने बोलली नाही. मी म्हटलं, ये, नऊच्या आत ये. तर म्हणाली, "येते. तू तेवढी इन्व्हर्टरची बॅटरी बघून घे."

उद्या माणूस बोलावलाय.