खुजेपणाचं खापर जनुकांवर कशाला?

एक मजकूर सध्या बराच फिरतोय: ‘पोषणाचे राष्ट्रीय आकडे म्हणजे धूळफेक. माप परक्या मुलांचं, काही वंशांची मुलं मुळातच बुटकी, पाहणी जेमतेम काही हजार घरांची. आणि उत्पन्न वाढलं की कुपोषण आपसूक जातं.’

माप परकं? जागतिक आरोग्य संघटनेची 2006ची वाढमानकं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांवरून ठरली. आई धूम्रपान न करणारी, बाळाला नीट स्तनपान, वाढीला आड येईल अशी परिस्थिती नाही, या अटींवर मुलं निवडली होती. त्यांच्या उंचीतल्या एकूण तफावतीत देशाचा वाटा निघाला सुमारे 3 टक्के. एकाच गावातल्या दोन मुलांत फरक याहून कितीतरी मोठा.

जनुकं उंची ठरवतात, पण एकेका मुलाची. खुजेपणाची, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंचीची, रेषाच अशी आखली आहे की धडधाकट समाजातही साधारण 2.3 टक्के मुलं तिच्याखाली येतात. एखाद्या देशात हेच प्रमाण 30 टक्के असेल, तर 2.3 टक्क्यांच्या वरची सगळी मुलं आनुवंशिकतेच्या खात्यावर कशी टाकायची? आज जगात सर्वांत उंच गणले जाणारे डच लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपातल्या बुटक्यांपैकी होते. एवढ्या काळात जनुकं इतकी पालटत नाहीत.

नमुन्याचं म्हणाल तर घरं किती आणि कशी निवडली हे महत्त्वाचं, देशाची लोकसंख्या नव्हे. त्यातून तालुक्याचा आकडा काढू नये, एवढं मान्य.

खरा घ्यायचा आक्षेप मात्र या मजकुरात नाहीच! लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानाने फार कमी वजन, ऋतूबरोबर हलतो. एक पाहणी टंचाईच्या महिन्यांत आणि दुसरी सुगीनंतर केली, की ‘सुधारणा’ कागदावर तयार. खुजेपणा वर्षानुवर्षांचा असतो, त्यामुळे तो असा फसवत नाही. फक्त मुलाचं वय नीट नोंदलेलं हवं.

राहिलं उत्पन्न. ते वाढलं की खुजेपणा बहुधा घटतो, पण आपसूक नाही, आणि अतिवजन तर अनेकदा वाढतं. जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, 2012मध्ये पोषणाची सहा उद्दिष्टं ठरवली, तेव्हा खुजेपणा आणि रक्तक्षयासोबत बालकांचं अतिवजनही वेगळं धरलं ते उगाच नव्हे. 2022च्या अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालची 14.8 कोटी मुलं खुजी होती, तर 3.7 कोटी अतिवजनाची.