चिखलणी थांबवली की भातजमीन सुधारते?

भातशेतीबद्दलचा एक संदेश बराच फिरतो आहे. मथितार्थ असा: उष्ण प्रदेशातल्या भातजमिनी चिखलणीने, म्हणजे लावणीआधी पाण्यात नांगरून मातीचा चिखल करण्याने, बिघडल्या. चिखलणीने माती मरते, पाणी वाया जाते, मिथेन वाढतो. तेव्हा नांगर ठेवून द्या, रोपे न लावता बी थेट शेतात पेरा, भातजमीन कोरडी ठेवा, सगळे सुटेल. यात खरे-खोटे इतके कालवले आहे की मुद्दे एकेक करून निवडावे लागतात.

आधी माती मरण्याचे. चिखलणीत मातीची घडण मोडते, मोठी छिद्रे बुजतात आणि साधारण 15 ते 25 सेंमी खोलीवर कडक थर बसतो. हे खरेच आहे, पण ते मुद्दाम केलेले असते, कारण खाचरात पाणी टिकते ते याच थरामुळे. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था 1963 पासून एकाच जमिनीत भात घेते आहे, 1968 पासून तर वर्षाला तीन पिके. मधल्या काळात तिथले उत्पादन घसरले आणि नत्राचे नियोजन सुधारल्यावर बरेचसे सावरले. सेंद्रिय कर्ब मात्र टिकून राहिला. सतत पाण्याखालच्या मातीत काडीकचरा सावकाश कुजतो, हे त्याचे मोठे कारण. खरा फटका बसतो तो भातामागून येणाऱ्या कडधान्याला. त्याची मुळे त्या थरावर अडतात. संदेशात नेमके याबद्दल अवाक्षर नाही.

पाण्याचा मुद्दा जास्त वजनदार. पूर्वमशागतीला साधारण 150 ते 250 मिमी पाणी लागते, पण त्यातले बरेचसे चिखलणीच्या आधीच जाते. कापणीनंतर वाळून भेगाळलेल्या जमिनीत पाणी सोडले की ते भेगांतून थेट खाली उतरते. कापणी होताच उथळ नांगरट करून भेगा बुजवल्या तर हे पाणी वाचते. म्हणजे इथे नांगर कमी नव्हे, वेळेवर हवा! वाळूसरीत चिखलणीचा उपयोग थोडा, भारी चिकणमातीत मुळातच पाझर कमी. अशा ठिकाणी ती कमी केली तर माझी हरकत नाही. मधल्या पोताच्या, झिरपणाऱ्या जमिनीत मात्र चिखलणी सोडल्यावर हंगामभर पाणी भरत बसावे लागते.

मिथेनचे खापर तर सरळसरळ चुकीच्या डोक्यावर फोडले आहे. तो नांगराने होत नाही. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू संपला की जिवाणू तो बनवतात, आणि पाणी भरण्याच्या तोंडावर ताजा पेंढा गाडला तर आणखी वाढतो. चिखलणी केलेल्या खाचरातही आलटून-पालटून पाणी ठेवले, पातळी जमिनीखाली 15 सेंमीपर्यंत उतरू दिली आणि मग पुन्हा भरले, तर मिथेन बराच घटतो. नायट्रस ऑक्साइड हा दुसरा हरितगृह वायू थोडा वाढतो, पण एकूण हिशेब सहसा फायद्याचाच राहतो.

थेट पेरणी मजुरी वाचवते, हे मान्य. मग तणाचे काय? लावणीत रोप तणापेक्षा वयाने मोठे असते आणि वर पाण्याचे पांघरूण असते. पेरणीत दोन्ही आधार जातात. मलेशियात थेट पेरणी पसरली तसे भातासारखेच दिसणारे, दाणे आधीच झडणारे तणभात माजले. ते भाताचेच भाईबंद असल्याने साध्या तणनाशकाला दाद देत नाही.

‘भातजमीन कोरडी ठेवा’ ही संदेशातली ओळ मात्र धोक्याची आहे. व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात मातीखाली पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असलेल्या आम्लसल्फेट जमिनी आहेत. पाण्याखाली त्या निपचित असतात. निचरा केला किंवा खोल नांगरून खालचा थर वर आणला की पायराइटला हवा लागते, गंधकाम्ल तयार होते आणि सामू (पीएच) 4 च्याही खाली जातो. तिथे साचलेले पाणी हेच जमिनीचे संरक्षण.

उतारावरच्या, बांध नसलेल्या पेरभाताची गोष्ट वेगळी. तिथे पहिल्या जोरदार सरीला नांगरलेली माती खरोखरच वाहून जाते. त्या शेतकऱ्यांना हा संदेश खुशाल पाठवा, फक्त त्यातला चिखलणीचा भाग काढून. ते चिखलणी करतच नाहीत.