पाताळगंगा असती तर मोटर धापा का टाकते, दाजी?

‘पाऊस कुणी पळवला? सत्य वाचा, पुढे पाठवा’ असा एक मजकूर सध्या बेळगाव, चिकोडी, अथणी भागातल्या ग्रुपांवर फिरतोय. असले मजकूर मी न वाचता पुसतो. पण आमच्या अथणीच्या दाजींनी तो वाचला, बोअरशेजारच्या पुनर्भरणाच्या, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याचं काम थांबवलं आणि गाडीवाल्याला नव्या बोअरचा ॲडव्हान्स देऊन मोकळे झाले. आता बोलणं भाग आहे.

दावे चार. पावसातले बदल सगळे नैसर्गिक, माणसाचा संबंध नाही. पवनचक्क्या ढग पळवतात. जमिनीखाली पाताळगंगा आहे, कितीही उपसा, आटत नाही. आणि झाडं लावली की पाऊस येतोच.

पवनचक्कीचं आधी उरकतो. ती वाऱ्यानं फिरते, वारा घालत नाही. तिचं पातं जेमतेम शे-दोनशे मीटरवर पोचतं, पावसाचे ढग त्याच्या वर कित्येक किलोमीटर चढलेले असतात. घाटातल्या कणकुंबीला हजारो मिलिमीटर पाऊस आणि अथणीला पाचशे-सहाशे, ही विभागणी सह्याद्रीनं केलेली आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात बेळगाव आणि कलादगी जिल्हे होरपळले, तेव्हा इथं कुणाची पवनचक्की होती?

खरं विष पाताळगंगेत आहे. दाजी, तुमच्या रानात वर माती, मग मुरूम, त्याखाली काळा फत्तर. हा फत्तर लाव्हाच्या थरांचा. त्यात नदी नाही की तळं नाही. पाणी असतं ते मुरमात आणि फत्तराच्या फटींत, तेही पावसाचं मुरलेलंच. खोल जाल तशा फटी कमी होतात. सातशे फुटांवर लागलेलं पाणी बहुतेक वेळा जुनी साठवण असते. ती उपसायला एक उन्हाळा पुरतो, भरायला कित्येक पावसाळे लागतात. तुमचीच मोटर बघा. चालू केली की थोडा वेळ धार, मग पाइपातून फुसफुस हवा, मग बंद करून तासभर थांबायचं. कशासाठी थांबता? फटीतून पाणी झिरपून बोअरमध्ये जमावं म्हणून. खाली गंगा वाहत असती तर थांबायची गरज काय होती? पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून फटी वाढत नाहीत. एखाद्याला मोठी फट लागते, दोन-तीन इंच पाणी मिळतं, हे खरं. पण त्याच फटीवर शेजारच्यानं बोअर मारली की दोघांचंही पाणी उतरतं. यात निसर्गाचा काय दोष? ऊस आपण लावला, पाटानं पाणी आपण सोडलं.

पहिल्या दाव्यात अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजानं मान्य करतो. मान्सून कधीच एकसारखा नव्हता. प्रशांत महासागरात एल निनो आला, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं, की आपल्याकडं बहुतेक वेळा पाऊस ओढ देतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, त्यात एल निनोचा हात होता. त्या वर्षी कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. पण म्हणून माणूस सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात आठवं प्रकरण सबंध जलचक्रावर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जलचक्रात माणसामुळं झालेले बदल ओळखता येतात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोरानं कोसळतो. आणि गंमत बघा, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपला मान्सून मंदावला, त्यातही धुराच्या आणि प्रदूषणाच्या सूक्ष्म कणांचा वाटा मोठा होता. म्हणजे एका हातानं आपण हवा तापवली, दुसऱ्या हातानं तिच्यावर धुराचं झाकण घातलं. २०१९ चा एकटा महापूर दाखवून हवामानबदल सिद्ध होत नाही, तसा १८७६ चा दुष्काळ दाखवून तो खोटाही ठरत नाही.

झाडांचं म्हणाल तर जरूर लावा. खानापूरचं जंगल हवेत बाष्प सोडतं, पाणी मुरवतं. पण बांधावरच्या दहा झाडांनी मान्सून ओढून येत नाही.

आणि तो खड्डा मृगाआधी पुरा करा. केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या वरच्या पाइपाभोवती, तळाला धोंडे, त्यावर खडी, वर वाळू, इतकंच काम आहे. ओढ्याचं गढूळ पाणी मात्र थेट केसिंगमध्ये सोडू नका. फटी गाळानं बुजतील आणि मग तुम्हीच ग्रुपवर टाकाल, निसर्गानं बोअर आटवली म्हणून.