एलन लक्ष्मी गोऱ्हे ‘इंग्लिश मडम’ नव्हती हो

‘इन द सीक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स’ हे एलन लक्ष्मी गोऱ्हेचं इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीत. हे गाणं इंग्लंडच्या कुणा मडमेनं लिहिलं, ‘लक्ष्मी’ हे नाव तिनं इथल्या लोकांना भुलवायला लावलं आणि बापानं तर तिला मिशनऱ्यांना देऊनच टाकलं होतं, असा एक मेसेज मला या महिन्यात तिसऱ्यांदा आलाय. आता लिहितेच.

पहिलं म्हणजे ती मडम नव्हे. 11 सप्टेंबर 1853 ला बनारसला जन्मलेली, चित्पावन घराण्यातली पोर. वडील नीळकंठशास्त्री गोऱ्हे, ज्यांनी आधी मिशनऱ्यांचं खंडन करायला संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि मग वाद घालता घालता स्वतःच 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. लक्ष्मी हे नाव घरचंच आहे, कुणी वरून चिकटवलेलं नाही.

बापानं देऊन टाकली म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. आई गेली तेव्हा एलन अगदी तान्ही होती. आधी बनारसच्या एका नीळवाल्या इंग्रज कुटुंबानं सांभाळलं, नंतर स्टॉर्स नावाच्या पाद्र्यानं तिला आपल्या घरी घेतलं आणि 1865 मध्ये विलायतेला नेलं. बिनआईच्या मुलीची ही फरफट आहे, तिच्यावरून बापाला टोमणे मारणं मला तरी जमत नाही.

‘गाणं खरं तर स्टेबिन्सचं’ असंही काहीजण म्हणतात, तेही चुकीचं. जॉर्ज स्टेबिन्स या अमेरिकन संगीतकारानं चाल दिली, शब्द एलनचे आहेत आणि 1883 च्या तिच्या पुस्तकात ते छापलेलेत. त्या शब्दांत काय आहे बघा ना, देवाच्या सान्निध्यात लपून राहण्यात जिवाला वाटणारा आनंद, आणि पुढे तहानलेल्या, थकलेल्या जिवाला त्याच्या पंखांच्या सावलीत मिळणारा गार आसरा नि स्वच्छ झरा. पंखांची सावली बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली आहे हे खरं, पण दोनदा घर बदललेल्या मुलीनं ‘लपायला जागा’ हीच कल्पना धरली याचं मला आश्चर्य वाटत नाही, हे गाताना माझा तर दरवेळी आवाज जड होतो.

आणि शेवटचं, ‘विलायतेत आरामात बसून भक्ती लिहिली’. अहो, 1880 मध्येच ती परत आली! तिथं ओळखी होत्या, भाषा होती, तरी आली. अमृतसरला झनाना मिशनमध्ये, म्हणजे पडद्यातल्या बायकांमध्ये जाऊन काम केलं, पुढे अलाहाबादला अनाथालयाची जबाबदारी घेतली, 1897 मध्ये तिला डीकनेस, म्हणजे चर्चची सेविका, नेमलं, आणि 1937 मध्ये ती गेली तीही भारतातच.

मेसेज पुढे ढकलायच्या आधी निदान तिचं पूर्ण नाव तरी एकदा वाचा, एलन लक्ष्मी गोऱ्हे.