‘जुना फॅन’ यांना उत्तर: कोरा, मूकी आणि माझं क्रिकेट

‘जुना फॅन’ साहेब,

प्रतिक्रियेबद्दल आभार. मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं असेलच असं नाही, म्हणून आधी ते जसंच्या तसं देतो (विषय बोस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा, त्याचा मॅनेजर अलेक्स कोराचा आणि २०२० मध्ये दुसऱ्या संघाला दिलेल्या मूकी बेट्सचा): "लेख भावनेच्या भरात लिहिलाय. मूकी बेट्स गेला तरी २०२१ मध्ये अलेक्स कोरानं रेड सॉक्सला लीग चॅम्पियनशिपपर्यंत नेलंच, म्हणजे मॅनेजर महत्त्वाचा. मूकीनं ३० कोटी डॉलर नाकारले होते, तो राहणारच नव्हता. मालकांनी पैसे वाचवले तर बिघडलं काय? आणि क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांनी बेसबॉलच्या ट्रेडवर निवाडे देऊ नयेत. पॉपकॉर्न खावं, मॅच बघावी."

लेखात मी म्हटलं होतं ते थोडक्यात असं: दर ऑफसीझनला मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारा, कोण येणार यावर आपण घसे कोरडे करतो, आणि त्या गदारोळात संघाचं नशीब ठरवणारे ट्रेड, म्हणजे खेळाडूंची संघासंघांतली देवाणघेवाण, मालक लोक उरकून घेतात. २०२० चा हिवाळा हे त्याचं उदाहरण म्हणून दिलं होतं. एवढ्यावरून तुम्ही पॉपकॉर्नपर्यंत पोचलात.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण वरची तीन-चार वाक्यं तुम्ही त्याच्यासाठीच लिहिली असावीत असा मला दाट संशय आहे. मुद्दा खोडा, माझी काही हरकत नाही. पण ‘आपल्या लोकांनी’? म्हणजे तुम्ही स्वतः कुठले हो? देवनागरीत एवढी शुद्ध प्रतिक्रिया टाइप करणारा माणूस बोस्टनच्या डॉर्चेस्टरमध्ये जन्मलेला आयरिश असेल असं वाटत नाही. आपणच आपल्याला दाराबाहेर उभं करायचं आणि वर त्याला समजूतदारपणा म्हणायचं, ही खोड आपल्याकडे जुनी आहे.

हो, मी क्रिकेटवर वाढलो. सांगलीच्या शिवाजी स्टेडियमवर शाळेच्या मॅचेसना वही घेऊन बसायचो, कारण संघात घेण्याइतका खेळ येत नव्हता. डॉट बॉलला टिंब, मेडन पडली की त्या टिंबांचा ‘एम’ करायचा, हे सगळं बारा-तेराव्या वर्षी हातात बसलेलं. रेड सॉक्सचा पिचर पेद्रो मार्टिनेझच्या जमान्यात इकडे आलो, तेव्हा आमच्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. त्यांनी मला बेसबॉलचं स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६, राइट फील्डर ९. शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसला, तिथून फर्स्टला गेलेला डबल प्ले म्हणजे ६-४-३. बॅटर बॅट फिरवून आउट झाला तर सरळ ‘के’, नुसता बघत राहिला तर उलटा ‘के’. त्या उलट्या ‘के’वर आजोबांचा फार जीव, बघत राहणाऱ्याला माफी नाही म्हणायचे. मी आजही फेनवेला, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानावर, पेन्सिल घेऊनच जातो. फोनवर सगळं दिसतं हे मलाही ठाऊक आहे.

आता तुम्ही ज्याला भावना म्हणता ती कुठून आली ते सांगतो. १२ जुलै २०१८, टोरांटोविरुद्धची मॅच. फ्रॅमिंगहॅमहून लोकल पकडून यॉकी स्टेशनला उतरलो होतो (त्याचं नाव पुढच्या वर्षी लॅन्सडाउन झालं). पिचर जे. ए. हॅप, बेसेस भरलेले, बॅटिंगला मूकी. फाउल, बॉल, फाउल, पुन्हा फाउल. मी प्रत्येक चेंडूला चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब देतो. चौकट भरली. टिंबं शेजारच्या खेळाडूच्या चौकटीत घुसली. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस बिअर हातात तशीच धरून उभा, प्यायचंही विसरला. तेराव्या चेंडूला मूकीनं तो ग्रीन मॉन्स्टर या मैदानाच्या उंच भिंतीवरून घालवला. ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा. मूकी ओरडतच फर्स्ट बेसकडे धावत सुटला. ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. तेरा टिंबं मोजता येणं आणि तेरा चेंडू टिकून राहण्याचा अर्थ कळणं, हे मला सांगलीतल्या वहीनंच शिकवलं. नवा चेंडू खेळून काढणारा ओपनर बघत मोठा झालेल्या माणसाला हे कळणार नाही, असं म्हणणाऱ्यानं दोन्ही खेळ नीट पाहिलेले नाहीत. स्पष्ट बोलतोय, राग मानू नका. मानलात तरी चालेल.

शिवाय तुमच्या वाक्यात गंमत अशी की निवाडा मी दिला तर तो क्रिकेटवाल्याचा, आणि कोराबद्दल तुम्ही दिलात तो जाणकाराचा. ही वाटणी कुणी केली?

आता कोरा. तो वाईट मॅनेजर आहे असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा, मी थांबतो. २०१८ मध्ये त्यानं १०८ मॅचेस जिंकून दिल्या, ऑक्टोबरमध्ये मॅच सुरू करणारे स्टार्टर पिचर बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरसारखे मधेच, वापरले, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला वर्ल्ड सिरीजमध्ये ४-१ नं हरवलं. तिसरी मॅच १८ इनिंग चालली होती, आठवते? नेथन इव्हॉल्डीनं राखीव म्हणून येऊन ९७ चेंडू टाकले. ती मॅच आपण हरलो, तरी लोक आजही तिच्यासाठी कोराचं धाडस वाखाणतात. पण हा इव्हॉल्डी आला कुठून? त्याच वर्षीच्या जुलैत टँपा बेशी झालेल्या ट्रेडमधून. सिरीजचा मानकरी ठरलेला स्टीव्ह पिअर्स? जूनच्या अखेरीस टोरांटोकडून, ट्रेडमधूनच. पत्ते पिसणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण हातात पत्ते दिले कुणी हेही विचारा, एवढंच माझं म्हणणं होतं.

२०२१ चा दाखला तुम्ही मोठ्या ऐटीत दिलाय. मान्य: त्या वर्षी ९२ मॅचेस जिंकल्या, न्यूयॉर्कच्या यांकीजना एका मॅचमध्ये घरी पाठवलं, टँपाला हरवलं आणि ह्यूस्टनपुढे ४-२ नं संपलो. छान वर्ष होतं. पण रफाएल डेव्हर्स, झँडर बोगार्ट्स, जे. डी. मार्टिनेझ आणि हाच इव्हॉल्डी, हे सगळे मूकीच्या ट्रेडच्या आधीपासून संघात होते. साठा जुना होता, तो संपेपर्यंत चाललं. २०२२ मध्ये तोच कोरा, तेच डगआउट: ७८ विजय, ८४ पराभव, विभागात शेवटचे. २०२३ मध्ये पुन्हा ७८ आणि ८४, पुन्हा शेवटचे. या दोन वर्षांचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेख नाही. जागा कमी पडली असावी.

आणि २०२० मध्ये रॉन रेनिकीच्या हाताखाली संघ २४-३६ नं शेवटचा आला तो मॅनेजरमुळे, असंही तुम्ही मागे एकदा दुसऱ्या लेखाखाली लिहिलं होतं. क्रिस सेलच्या कोपरावर मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, एदुआर्दो रॉड्रिगेझ कोविडनंतरच्या हृदयाच्या त्रासानं अख्खा सीझन बाहेर. पहिले दोन पिचर गायब आणि राइट फील्डमधला एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) मूकी विकलेला. तिथे रेनिकी काय करणार, स्वतः चेंडू टाकणार?

त्या हिवाळ्याच्या तारखा नुसत्या ओळीनं वाचा. ह्यूस्टननं प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणाचा अहवाल १३ जानेवारीला आला. कोरा २०१७ मध्ये तिथे बेंच कोच होता, म्हणून १४ जानेवारीला त्याला आणि बोस्टनला वेगळं व्हावं लागलं (२०२१ साठी तो परत आला). पुढचे चार आठवडे रेडिओवर, ऑफिसात, आमच्या गणपतीच्या कमिटीच्या व्हॉट्सअॅपवर एकच विषय: आता मॅनेजर कोण? १० फेब्रुवारीला मूकी आणि डेव्हिड प्राइस डॉजर्सना देऊन झाले. ११ फेब्रुवारीला रेनिकीचं नाव जाहीर. हे कुणी कट करून जुळवलं असं मी म्हणत नाही. पण आपलं लक्ष कुठे होतं ते सांगा.

आता पैसे. प्राइसच्या करारातले साधारण ९.६ कोटी डॉलर बाकी होते, त्यातले निम्मे बोस्टननंच भरायचे ठरले. म्हणजे म्हैस विकायची आणि वर तिचा कडबाही आपणच पोचवायचा. हे सगळं संघाच्या एकूण पगारावरच्या २०.८ कोटींच्या कर-मर्यादेखाली येण्यासाठी, कारण सलग दोन वर्षं कर भरला होता आणि तिसऱ्या वर्षी दर ५० टक्क्यांवर गेला असता. पैसे वाचवणं गुन्हा नाही, बरोबर. तिकिटांचे दर त्या हिशेबात कधी खाली आले असतील तर कळवा.

‘राहणारच नव्हता’ याला तर उत्तर द्यायचीही गरज नाही. ३० कोटी नाकारल्याच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. त्याच माणसानं २२ जुलै २०२० ला, बाजारात न उतरता, डॉजर्सशी १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला. त्यानंतर त्यांनी २०२०, २०२४ आणि २०२५ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. तो बोस्टनला नाही म्हणाला नव्हता, आकड्याला नाही म्हणाला होता.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं नोंदवतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. ट्रेडमध्ये आलेल्यांत मी कॉनर वाँगला दोन ओळीत गुंडाळलं होतं. तो पुढे नियमित कॅचर झाला, त्याला आणखी एक ओळ द्यायला हवी होती. दिली.

मॅनेजरच्या निवडीबद्दल जुन्या फॅननं २००३ विसरावं याचं खरं नवल वाटतं. यांकीजविरुद्धची सातवी मॅच, आठवी इनिंग, ५-२ अशी आघाडी, पेद्रो दमलेला सगळ्या जगाला दिसत होता आणि मॅनेजर ग्रेडी लिटलनं त्याला ठेवला. बरोबरी झाली, अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या आरन बूननं होमर (होम रन) मारला आणि आपण हरलो. आमच्याकडे त्या रात्री कुणी दिवा लावायलाही उठलं नाही. लिटलला काढलं ते योग्यच होतं. तेव्हाही मी तेच म्हणालो होतो, आजही म्हणतो. मग मॅनेजर म्हणून आला टेरी फ्रँकोना. फिलाडेल्फियात चार सीझन, चारही वेळा विजयांपेक्षा पराभव जास्त. तेव्हाच्या तुमच्यासारख्या जाणकारांनी त्याला काय काय म्हटलं होतं! पुढच्या ऑक्टोबरात ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज आली आणि फ्रँकोना देवमाणूस झाला. पण त्याच हिवाळ्यात, त्याची नेमणूक होण्याआधी, ॲरिझोनाकडून पिचर कर्ट शिलिंग ट्रेडमध्ये आला होता. जुलैत लाडका नोमार गार्सियापारा शिकागोला देऊन ओर्लांडो कॅब्रेरा घेतला, तेव्हा अर्धं शहर रडलं. शिलिंग नसता, शॉर्टस्टॉपला कॅब्रेरा नसता, तर फ्रँकोनाचं बोस्टनमधलं पुस्तक फिलाडेल्फियासारखंच मिटलं असतं असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, हवं तर भांडा.

२०१२ चं उदाहरण तर तुमच्याच मुद्द्याचं माप घेणारं आहे. मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन, नाव केवढं मोठं. ६९ विजय, ९३ पराभव, सीझन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी. मग जॉन फॅरेल हवा होता, पण तो टोरांटोच्या करारात अडकलेला. म्हणून बोस्टननं त्यांना माइक अव्हिलेस नावाचा इनफिल्डर दिला आणि फॅरेल घेतला, वर एक पिचरही मिळाला. पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज. तुम्ही म्हणाल, बघा, मॅनेजर! मी म्हणेन, त्याआधी ऑगस्टमध्ये ॲड्रियन गोन्झालेस, कार्ल क्रॉफर्ड आणि जॉश बेकेट डॉजर्सच्या गळ्यात घालून साधारण २५ कोटींचं ओझं उतरवलं होतं, त्याच मोकळ्या हातानं शेन व्हिक्टोरिनो, माइक नॅपोली आणि कोजी उएहारा आले. तेव्हा डॉजर्सनी आपलं ओझं उचललं, आठ वर्षांनी आपला हिरा उचलला.

तर बाजारभाव असा: एका मॅनेजरची किंमत माइक अव्हिलेस, तीही पिचर वर घेऊन. मूकीच्या बदल्यात आलेल्यांपैकी जेटर डाउन्सला डिसेंबर २०२२ मध्ये यादीतून काढलं, अलेक्स व्हर्डुगोला डिसेंबर २०२३ मध्ये यांकीजना देऊन टाकलं. ज्यानं हा ट्रेड केला त्या हाइम ब्लूमलाही (ट्रेड ठरवणारा संघाचा मुख्य अधिकारी) त्याच वर्षी सप्टेंबरात नारळ मिळाला. कोरा मात्र तेव्हाही डगआउटमध्ये होता. मॅनेजर एवढाच निर्णायक असता तर सलग दोनदा तळाला गेल्यावर मालकांनी ब्लूमला काढून कोराला ठेवलं ते का, याचं उत्तर तुमच्याकडून वाचायला आवडेल. आकडे आणि नावं घेऊन या, प्रतिक्रिया लगेच प्रसिद्ध करीन. पुन्हा ‘आपले लोक’ काढलंत तर ती तशीच पडून राहील.