आन्सर कीत आहे तेच बरोबर

घरात लेकरू असेल आणि ते अधूनमधून 'पण असं का?' म्हणून विचारत असेल, तर घाबरून जाऊ नका. दहावीपर्यंत ही खोड बहुतेकांची आपोआप जाते. नाहीच गेली, तर क्लासेसचं लातूर आहे.

मी लातुरात एका 'क' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. ट्यूशन एरियापासून सायकलवर दहा मिनिटं. ग्रंथालयांचे वर्ग चार, अ, ब, क, ड. आणि आमच्याकडं बसणाऱ्या लेकरांच्या प्रत्येक प्रश्नाला पर्यायही चारच. त्यामुळं आमचं बरं जमतं. त्यांना पुस्तक नको असतं, पंखा आणि खुर्ची हवी असते. पाटीवर 'वाचनालय'च्या खाली 'अभ्यासिका' लिहून घेतलं तेव्हापासून बाहेर चपलांना जागा पुरत नाही. या खुर्च्यांकडं बघता बघता, डोकं निर्धोक कसं ठेवावं याची थोडी माहिती मला झालीय. ती फुकट देतो.

सुरुवात 'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, पेपरापासून करा. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर उणे एक, आणि गोळा काळा केलाच नाही तर शून्य. आता हे नीट बघा. ज्यानं काहीच केलं नाही तो शून्यावर सुखरूप बसलाय. ज्यानं विचार केला आणि चुकला, त्याच्या खिशातला एक गेला. हाच हिशेब भावकीत, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये लावून बघा, आयुष्यभर उणे गुण पडणार नाहीत.

दुसरं म्हणजे भलती पुस्तकं. त्यांचा बंदोबस्त मी कसा केला ते सांगतो. जॉर्ज ऑर्वेल नावाचा एक लेखक होता. खरं नाव एरिक ब्लेअर, जन्म १९०३ चा, तोही बिहारमधल्या मोतिहारीचा. बाप इंग्रज सरकारच्या अफू खात्यात. बापानं झोपेचा माल सांभाळला, पोरानं झोप उडवायचा धंदा काढला. त्याची '१९८४' ही कादंबरी जून १९४९ मध्ये आली. आमच्याकडं ती कितीतरी वर्षं जुन्या वार्षिक अहवालांच्या कपाटात होती, १९८३ आणि १९८५ च्या अहवालांच्या मधोमध. कुणीतरी आकडा बघून लावली असणार. मी हलवली नाही. इतकी सुरक्षित जागा कुठल्या सेन्सॉरला सुचली नसती.

त्या कादंबरीत विन्स्टन नावाचा सरकारी कारकून आहे. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सरकारच्या सोयीनं बदलायचा, ही त्याची नोकरी. त्याचं बिघडतं कुठं, तर तो एक कोरी वही विकत घेतो. म्हणून सांगतो, कोरी वही घरात ठेवू नका. हल्ली नोट्स छापील मिळतात, लेकराला लिहायला समासातसुद्धा जागा उरत नाही. विन्स्टनच्या भिंतीवर टेलिस्क्रीन आहे. त्याचा आवाज कमी करता येतो, पण तो बंद करता येत नाही, आणि त्यातून पलीकडचा माणूस आपल्याला बघतो. हा भाग वाचताना मला लेखकाची कीव आली. ही गोष्ट मराठवाड्यात घडली असती तर तिसऱ्या प्रकरणात कोसळली असती. आठ-आठ तासांच्या भारनियमनात कोण कुणावर नजर ठेवणार? पहाटे थ्री फेज आली की तो हुकूमशहाच आधी मोटार चालू करायला विहिरीवर पळाला असता.

कादंबरीतल्या सरकारची आणखी एक हौस अशी की शब्दकोश दरवर्षी बारीक करायचा. शब्दच नसले तर मनात वावगं येणार कशानं? त्यासाठी त्यांनी विद्वान नोकरीला ठेवलेत. आपण तेच काम अंगठ्यावर भागवलं. माझे पणजोबा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचे, कारण लिहिता येत नव्हतं. आपण एम.ए. होऊन व्हॉट्सॲपवर उठवतो. लग्न ठरल्याला अंगठा, कुणी वारल्यालाही अंगठा.

पुस्तकं जाळायच्या मात्र भानगडीत पडू नका, खर्चाचं काम आहे. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाच्या १९५३ च्या 'फॅरनहाइट ४५१' मध्ये बंबवाले आग विझवत नाहीत, घरोघर जाऊन पुस्तकं पेटवतात. ४५१ फॅरनहाइट म्हणजे आपल्या मापात २३३ अंश. परभणी-नांदेडचा पारा मे महिन्यात ४३-४४ ला टेकतो, पण तेवढ्यात कागद पेटत नाही, नुसती माणसंच पेटतात. आमच्या मागच्या खोलीत वाळवीनं तीन रॅक साफ केले, तेही अनुदानाचा एक पैसा न घेता. चौथ्या रॅकमध्ये स्पर्धा परीक्षांचे गाइड आहेत, त्याला ती तोंड लावत नाही. तिची निवड मला पटते. त्या कादंबरीत बंबवाल्यांचा साहेबच एका ठिकाणी कबूल करतो की सुरुवात सरकारी हुकमानं झाली नाही. लोकांनी आपणहून वाचणं सोडलं होतं, बंब मागाहून आला. हे वाचून मला फार हायसं वाटलं. म्हणजे आपण वेळापत्रकाच्या पुढंच चाललोय.

आता कुणी म्हणेल, मराठवाड्याच्या मातीला हे कसं मानवेल? तर या मातीच्या जुन्या खोडी मलाही ठाऊक आहेत. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम होता : परवानगी घेतल्याशिवाय जाहीर सभा नाही. १९३८ मध्ये औरंगाबादला आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोरांनी वंदे मातरम् म्हणायचं सोडलं नाही म्हणून त्यांना काढून टाकलं, तर त्यातली कितीतरी नागपूरला जाऊन शिकली. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली की ते दुसरंच नाव लावून निघायचं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांविरुद्ध, लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना हैदराबादेत रात्री घरी जाताना मारलं, लिहिता हात तोडला. इथं मला विनोद सुचत नाही, पुढं जातो.

१७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं. त्याच वर्षाच्या अखेरीला स्कॉटलंडच्या जुरा बेटावर क्षयानं खोकत ऑर्वेल आपली कादंबरी टाइप करत बसला होता. इकडं सुटका झाली आणि तिकडं हा माणूस पुढच्या कोठडीचा नकाशा काढतोय. याला म्हणतात वेळेचं भान नसणं.

आणि एवढी यातायात कशासाठी? परवाचीच गोष्ट. आमच्या भावकीच्या ग्रुपवर एका चुलतभावानं विचारलं, 'जत्रेच्या वर्गणीचा हिशेब कधी कळंल?' आप्पांनी एक बटण दाबलं. 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.' ना गश्ती निशाण, ना पोलीस. साठ जणांत कुणाला तुरुंगात जावं लागलं नाही. बटण दाबायच्या आधी नऊ जणांचे अंगठे त्या प्रश्नावर नाही, आप्पांच्या सुप्रभातवर पडले होते.

तरीही एखादं लेकरू निसटतंच. चाकूरकडचा एक पोरगा आमच्याकडं बसतो. त्याच्या क्लासच्या टेस्टमध्ये एका प्रश्नाचं उत्तर 'ब' येत होतं आणि आन्सर कीत 'क' होतं. यानं पाठ्यपुस्तक उघडून सरांना ओळ दाखवली. सर म्हणाले, "बाळा, आत्ता कीप्रमाणं धर. बरोबर काय ते डॉक्टर झाल्यावर बघ." सल्ला पक्का आहे. हा डॉक्टर होईपर्यंत आजारी पडायचं नाही, एवढंच मी ठरवलंय.

त्याच दुपारी लाइट गेली. मोबाइलला चार्जिंग नाही, पंखा बंद. पोरगा उठला आणि नेमका अहवालांच्या कपाटापाशी गेला.

"काका, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

"नाही."

"मग न्यावं का?"

नाही म्हणायला हवं होतं. पुस्तकाच्या आतल्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २००१ चा होता. नवा मारताना शाईचा पॅड वाळलेला निघाला, दोनदा दाबावं लागलं.

एकोणीस दिवसांनी आणून दिलं. "काका, त्या विन्स्टनला शेवटी दोन अन् दोन पाच म्हणाय लावतेत."

"हो."

"अन् त्यालाबी तसंच वाटाय लागतंय." थोडा वेळ उभा राहिला. "म्हणजे की चुकीची, अन् निगेटिव्ह मार्किंग त्याला."

उशीर झाला म्हणून पाच रुपये दंड घेतला, पावती फाडली. तो गेल्यावर नियमाप्रमाणं पानं तपासली. त्या पाचाच्या शेजारी, समासात, पेन्सिलनं बारीक अक्षरात ४ लिहिलेला आणि त्याभोवती गोळा काळा केलेला. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खूण करणं हा नियमभंग आहे, पेन्सिल असली तर तिथंच खोडायची असते. टेबल, खण, खिडकी, सगळं बघितलं. खोडरबर काही सापडला नाही.

तुम्ही मात्र एक जवळ ठेवत जा.